पूर्वसंमती ते तिसरा हप्ता : सांगोल्याच्या माळावरील सीताफळ लागवड

सांगोला तालुक्यात माण नदीपासून थोड्या अंतरावर आमची साडेसात एकर जमीन आहे. त्यातला निम्मा भाग मुरमाड माळ आणि उरलेला मध्यम काळीचा. माळावर पूर्वी भगवा जातीच्या डाळिंबाची बाग होती. तेल्या रोगाशी आम्ही अनेक बहार झुंजलो. परंतु खोडाला बारीक छिद्रे पाडणारा पिन होल बोरर आणि त्याच्या मागोमाग आलेली मर यांनी त्या बागेचा निकाल लावला. त्या काळात तालुक्यात ठिकठिकाणी बागा उपटून बांधावर जाळल्या जात होत्या, त्यांत आमचीही गेली. मर रोगाची बुरशी जमिनीत टिकून राहते, त्यामुळे त्याच खड्ड्यांत पुन्हा डाळिंब लावण्याचे धाडस नको, यावर घरात एकमत झाले. शेवटी हलक्या जमिनीत तग धरणारे, कमी पाण्यावर भागणारे आणि शेळ्या ज्याच्या पाल्याला तोंड लावत नाहीत असे सीताफळ ठरले. एक हेक्टरवरची ही लागवड शासकीय अनुदानातून उभी करताना जे जे पार पाडावे लागले, ते इथे नोंदवतो आहे.

पहिला प्रश्न योजना कोणती, हा होता. आमच्या भागातील वडीलधारी मंडळी आजही सरसकट ‘रोहयोची फळबाग’ म्हणतात, कारण १९९० मध्ये राज्याने रोजगार हमीशी जोडून फळबाग लागवडीची जी योजना सुरू केली, तिने सोलापूरसारख्या पाचशे-साडेपाचशे मिलीमीटर पावसाच्या जिल्ह्याचे रूप पालटले. आमच्या थोरल्या चुलत्यांनी, म्हणजे तात्यांनी, त्याच लाटेत बोरीची बाग लावली होती. पुढे ती वाट महात्मा गांधी रोजगार हमीच्या नियमांनी चालू लागली. तिच्यासाठी रोजगार हमीचे जॉबकार्ड लागे, शेतकरी दोन हेक्टरच्या आतला अल्पभूधारक असावा लागे, ग्रामसभेच्या आराखड्यात काम असावे लागे आणि मजुरी हजेरीपटावरून थेट मजुरांच्या खात्यावर जाई. आमच्या चुलतभावाने याच मार्गाने तीन एकरांत लागवड केली. खड्डे खणायला यंत्र चालत नसे, पण जॉबकार्ड असलेली घरची माणसे आपल्याच शेतात राबून मजुरी घेऊ शकत, हा त्याचा मोठा फायदा झाला. २०२३-२४ मध्ये महाराष्ट्रात हा मजुरीदर दिवसाला २७३ रुपये होता.

आमचा आठ-अ, म्हणजे खात्यावरील एकूण जमिनीचा उतारा, दोन हेक्टरांच्या वर जात असल्याने ते दार बंद होते. अशा शेतकऱ्यांसाठी राज्याने २०१८-१९ पासून भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजना सुरू केली आहे. त्याच वर्षी निधन पावलेले कृषिमंत्री पांडुरंग फुंडकर यांच्या नावाने ती ओळखली जाते. अनुदानाचा पूर्ण भार राज्यावर, लाभार्थी फक्त वैयक्तिक शेतकरी, आणि कोकण वगळता उर्वरित महाराष्ट्रात क्षेत्राची मर्यादा वीस गुंठ्यांपासून सहा हेक्टरांपर्यंत, असा तिचा साधारण आकार आहे. आंबा, पेरू, डाळिंब, चिंच, लिंबू यांच्याबरोबर सीताफळही तिच्या यादीत आहे. अनुदान तीन वर्षांत ५०, ३० आणि २० टक्के अशा हप्त्यांनी मिळते. हे आकडे वाचताना सगळ्यांची नजर पहिल्या पन्नासावर जाते. मला मात्र पुढे तिन्ही वर्षे दुसऱ्याच दोन आकड्यांनी धाकात ठेवले : दुसऱ्या वर्षी किमान ८० टक्के आणि तिसऱ्या वर्षी किमान ९० टक्के झाडे जिवंत असली पाहिजेत, अन्यथा पुढचा हप्ता नाही.

अर्ज राज्याच्या योजनांसाठी असलेल्या महाडीबीटी पोर्टलवर आईच्या नावाने भरला. मी सोलापुरात नोकरीला असल्यामुळे ओटीपी गावातल्या फोनवर आणि संगणक माझ्यासमोर अशी कसरत झाली. पण अर्ज भरणे हा या सगळ्यातला सर्वांत सोपा भाग होता आणि त्याचे शुल्कही २३ रुपये ६० पैसे एवढेच. खरी अडचण सातबाऱ्यावर होती. आजोबांनंतरच्या वारसनोंदीत आत्यांचे नाव लागलेले आहे आणि खाते अजून सामाईक आहे. सामाईक खात्यावर लाभ घ्यायचा तर सर्व सहहिस्सेदारांचे संमतीपत्र जोडावे लागते. आत्या पंढरपूर तालुक्यात दिल्या आहेत. कागद घेऊन त्यांच्या ओसरीवर बसलो, तेव्हा त्यांनी पेन हातात घेतले आणि तसेच धरून ठेवले.

“सही करते रं, पर कशावर करतीया ते तरी वाचून दाव की.”

मी संमतीपत्र पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचून दाखवले.

“म्हंजी माजा हिस्सा ऱ्हातुय का जातुय?”

“हिस्सा जिथल्या तिथं राहतो, आत्या. आईच्या नावानं फळबाग मंजूर व्हायला तुमची हरकत नाही, एवढंच यात लिहिलंय.”

“तुज्या बापानं बी असंच म्हणून हिरीच्या कर्जावर अंगठा घेतला हुता. एक झेरॉक्स माज्यापाशी ठिव, मग करते.”

झेरॉक्स काढायला शेजारच्या गावच्या स्टँडवर जावे लागले. त्यांचे म्हणणे रास्तच होते. गावोगावी बहिणींची नावे सातबाऱ्यावर आणि सह्या भावांच्या कागदांवर असतात, आणि त्या कागदांत काय लिहिले आहे हे त्यांना कोणी वाचून दाखवत नाही. शेतकऱ्यांनी योजनेच्या निमित्ताने का होईना, पण वाटणीपत्र करून खाती वेगळी करून घ्यावीत, असे मला तेव्हापासून प्रकर्षाने वाटते. ज्यांचे सातबारे स्वतंत्र होते, त्यांचे अर्ज आमच्याच वर्षी कितीतरी सुटसुटीतपणे पुढे गेले.

त्या वेळी निवड सोडतीने होत असे. निवड झाल्याचा संदेश आला की ठरलेल्या मुदतीत सातबारा, आठ-अ, आधार, हमीपत्र, संमतीपत्र असे सगळे अपलोड करायचे. त्यानंतर कृषी सहाय्यक जागा पाहून गेले, अंदाजपत्रक झाले आणि पूर्वसंमती मिळाली. या टप्प्यावर थोडे थांबून सांगितले पाहिजे. पूर्वसंमतीच्या तारखेआधी केलेले काम अनुदानास पात्र धरले जात नाही. जवळच्या वस्तीवरील एका शेतकऱ्याने सोडतीत नाव आले म्हणजे काम झाले असे समजून मे महिन्यातच खड्डे घेतले, रोपेही आणली. त्याची बाग आज उत्तम आहे, पण अनुदान मात्र एक रुपया नाही. उलट बाजूने पाहिले, तर शेतीशास्त्र सांगते की खड्डे उन्हाळ्यात खणून तापू द्यावेत आणि पावसाच्या तोंडावर भरावेत. कागद जूनमध्ये हाती आला, तर खड्डे तापवायचे कोणत्या उन्हात? मंजुरीचे वेळापत्रक आर्थिक वर्षाने चालते आणि लागवडीचे मृगाने, आणि या दोहोंचा मेळ घालण्याचे काम शेवटी शेतकऱ्याच्या अंगावर पडते. आमची पूर्वसंमती वेळेवर आली, हा निव्वळ योग होता.

अंदाजपत्रक पाच बाय पाच मीटर अंतराचे, म्हणजे हेक्टरी ४०० झाडांचे होते. दाट लागवडीचा सल्ला देणारे बरेच भेटले, परंतु मंजूर अंतरावरच लागवड झाली पाहिजे हे ध्यानात ठेवून आम्ही दोरी धरून चुन्याने आखणी केली. दोन फूट लांब, तितकाच रुंद आणि तितकाच खोल खड्डा कागदावर किरकोळ दिसतो. चारशे खड्ड्यांचा हिशेब मात्र सुमारे ९० घनमीटर मुरूम उकरण्याचा होतो, आणि आमच्या माळाला वीतभर खालीच टिकाव ठणठणू लागतो. पहार मारून मारून गडी टेकीला आले. तळाशी पालापाचोळा, त्यावर शेणखत, सिंगल सुपर फॉस्फेट आणि काळीतून आणलेली पोयटा माती असे भरण केले. जमीन तयार करणे, आंतरपीक आणि कुंपण हा खर्च योजनेत शेतकऱ्याचाच असतो. शेणखताच्या ट्रॉल्या, माती वाहतूक आणि काटेरी तारेचे कुंपण हे सारे आमच्या पदरचे होते.

रोपांच्या बाबतीत योजनेची अट कडक आहे आणि ती तशीच असावी. कृषी विभागाच्या किंवा कृषी विद्यापीठाच्या रोपवाटिकेत माल नसेल, तर परवानाधारक खासगी रोपवाटिकेतून घ्यायचा आणि पावती जोडायची. फळरोपवाटिकांच्या परवान्याचा कायदा राज्यात १९६९ पासून आहे, तरीही फसवणूक थांबलेली नाही. एका रोपवाटिकेत आम्हाला बाळानगर जातीची कलमे म्हणून जो माल दाखवला, त्यातील बरीचशी रोपे बियांवर वाढवलेली निघाली. सीताफळाच्या कलमाच्या बुंध्याला जमिनीपासून थोड्या उंचीवर जोडाची तिरकी गाठ स्पष्ट दिसते, तिच्यावरची आणि खालची साल वेगळ्या पोताची असते. बियाच्या रोपाचा बुंधा तळापासून शेंड्यापर्यंत एकसारखा निमुळता होत जातो. मी एकेक पिशवी उचलून बुंधा अंगठ्याने चाचपू लागलो, तसा तिथला माणूस म्हणाला, “साहेब, पावती कलमाचीच देतो की.” पावती कलमाची आणि झाड बियाचे, अशी बाग फळावर उशिरा येते आणि प्रत्येक झाडाचे फळ वेगळे निघते. आम्ही तिथून रिकामी गाडी परत आणली आणि दुसरीकडून जोड तपासून कलमे घेतली. योजना पावती तपासते. बुंधा तपासण्याचे काम घेणाऱ्यानेच केले पाहिजे.

ठिबकाचा अर्ज वेगळा करावा लागला. पूर्वी फुंडकर योजनेतच ठिबकाचा खर्च मिळत असे. २०२३ मध्ये त्याऐवजी खतांचा खर्च शंभर टक्के देण्याचा निर्णय झाला, त्यामुळे ठिबकासाठी राष्ट्रीय कृषी विकास योजनेतले ‘प्रति थेंब अधिक पीक’ हे दार ठोठवावे लागते. त्यात केंद्राच्या योजनेचे अनुदान अल्प व अत्यल्प भूधारकांना ५५ टक्के आणि इतरांना ४५ टक्के. त्यावर मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेतून राज्याची भर पडून ते अनुक्रमे ८० आणि ७५ टक्के होते. आम्ही पंचाहत्तरवाले. हे टक्के शासनाने ठरवलेल्या खर्चाच्या मापदंडावर मोजले जातात, विक्रेत्याच्या बिलावर नव्हे, त्यामुळे ‘आपला फक्त पाव हिस्सा’ असे धरून चालणाऱ्याची पंचाईत होते. आमच्या बाबतीत प्रत्यक्ष खिशातून गेलेला वाटा पावापेक्षा बराच जास्त भरला. शिवाय आधी पूर्ण रक्कम मोजायची आणि नंतर अनुदानाची वाट पाहायची. दोन्ही योजनांचे गणित एकत्र मांडले, तर पहिल्या वर्षी जवळजवळ सगळा खर्च शेतकरी करतो आणि शासन तो मागाहून भरून देते. ज्याच्याकडे तेवढी पुंजी नाही, त्याने सोसायटीचे किंवा सावकाराचे तोंड पाहायचे. जाहिरातीत ‘शंभर टक्के अनुदान’ असे ठळक अक्षरांत लिहिलेले असते. ‘मागाहून’ हा शब्दही तिथे असायला हवा.

लागवड जुलै २०२३ मध्ये झाली, आणि ते वर्ष नेमके दुष्काळाचे निघाले. ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी राज्याने ज्या ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यांत सांगोला होता. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी धरणाचा उपयुक्त साठा वजा पातळीत गेला होता आणि आमच्या बोअरला दिवसाआड जेमतेम तासभर पाणी येई. बुंध्यांभोवती उसाचे पाचट अंथरले, काही ओळींना टँकरचे पाणी विकत घेऊन बादलीने घातले, पश्चिमेकडच्या कलमांवर तुराट्यांची सावली केली. आईने त्या उन्हाळ्यात रोज सकाळी ओळींतून फेरी मारून कोणत्या झाडाला पाणी पोहोचले नाही हे वहीत लिहून ठेवले. शेवटी संस्था, योजना आणि अनुदाने सगळी कागदावर राहतात आणि झाड बादलीवर जगते, हे खरे असले तरी तो ऐंशी टक्क्यांचा आकडा नसता, तर टँकरवर एवढा पैसा घालण्याचा निर्णय आम्ही घेतला असता की नाही, याची मला शंका आहे. अटीने आम्हाला बाग सोडू दिली नाही.

तपासणी उन्हाळा सरता सरता आली. सीताफळ हे पानगळ होणारे झाड आहे, हे शहरी वाचकाला सांगितले पाहिजे. हिवाळ्यानंतर ते पाने टाकते आणि पहिला पाऊस पडेपर्यंत नुसत्या काड्या उभ्या दिसतात. साहजिकच कृषी सहाय्यकांनी बांधावरून नजर टाकली आणि त्यांचा चेहरा उतरला. मग आम्ही दोघे पहिल्या ओळीपासून निघालो. प्रत्येक कलमाच्या जोडाच्या वर नखाने साल किंचित खरवडायची. आत हिरवी ओल दिसली तर झाड जिवंत, तपकिरी कोरडे लाकूड दिसले तर मेलेले. काही झाडे वरून वाळली होती, पण जोडाजवळ हिरवी होती. ती त्यांनी जिवंत धरली, आणि माझ्या मते ते योग्यच होते, कारण पावसानंतर त्यातली बहुतेक फुटली. जोडाखालून फुटलेले धुमारे असलेली झाडे मात्र मी स्वतःच बाद सांगितली, कारण तिथे कलम मेले होते आणि जगला होता तो ज्यावर कलम बांधतात तो नुसता खुंट. ओळींच्या दोन्ही टोकांना उभे राहून त्यांनी अक्षांश-रेखांशासह छायाचित्रे घेतली. मोजणीचा आकडा ३३८ आला. ऐंशी टक्के म्हणजे ३२०, त्यामुळे त्या वर्षीचे निभावले.

तिसऱ्या वर्षाची अट ९० टक्के, म्हणजे ३६० झाडांची आहे. झाडे काही आपोआप वाढत नाहीत. दुसऱ्या वर्षी ऐंशी ते नव्वद टक्क्यांच्या दरम्यान पास झालेल्या प्रत्येक शेतकऱ्याला तिसऱ्या वर्षासाठी नांग्या भराव्याच लागतात, म्हणजे मेलेल्या झाडांच्या जागी नवी रोपे लावावी लागतात, आणि तीही स्वखर्चाने. आम्ही २०२४ च्या पावसाळ्यात मेलेल्या सर्व जागी नवी कलमे लावली. अटीचा हेतू चांगला आहे, पण मोजणीत मागाहून लावलेले गुडघाभर कलम आणि पहिल्या वर्षीचे कमरेएवढे झाड यांची किंमत एकच धरली जाते. तपासणीच्या आदल्या आठवड्यात नांग्या भरून आकडा जुळवणारेही मी पाहिले आहेत. मेलेल्या झाडांचे कारण, निदान ‘पाणी’, ‘कीड’, ‘रोप निकृष्ट’ एवढे तरी, तपासणीच्या नमुन्यात नोंदवले गेले असते, तर कोणत्या रोपवाटिकेचा माल टिकत नाही हे विभागाला तीन वर्षांत घरबसल्या कळले असते.

पैशांबद्दल. पहिला हप्ता मंजूर झाल्याचे पोर्टलवर दिसत होते आणि आईच्या पासबुकात काहीच नव्हते. बँकेत विचारले, कृषी कार्यालयात विचारले, दोन्हीकडे आपापल्या बाजूने सगळे ठीक होते. उलगडा असा झाला की थेट लाभ हस्तांतराची रक्कम अर्जात लिहिलेल्या खाते क्रमांकावर न जाता आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यावर जाते, आणि आईचे आधार तिच्या विस्मरणात गेलेल्या जनधन खात्याला जोडलेले होते. रक्कम तिथे शांतपणे येऊन पडली होती. त्यामुळे अर्ज करण्यापूर्वी आपले आधार नेमके कोणत्या खात्याला जोडलेले आहे, हे बँकेतून पाहून घ्यावे. लागवडीनंतर ई-पीक पाहणीत सीताफळाची नोंद करून ती सातबाऱ्यावर उतरली की नाही हेही पाहावे. पुढे विमा असो की नुकसानभरपाई, बाग सातबाऱ्यावर नसेल तर ती कुठेच नसते.

२०२५ पासून सोडत जाऊन ‘प्रथम अर्ज, प्रथम प्राधान्य’ ही पद्धत आली आहे आणि शेतकरी ओळख क्रमांक बंधनकारक झाला आहे. कृषी सहाय्यकांचे पदनामही बदलून सहाय्यक कृषी अधिकारी झाले. सोडतीत नशिबाचा भाग होता, हे खरे. पण नव्या पद्धतीत ज्याची कागदपत्रे आधीपासून तयार आहेत आणि ज्याच्या हाताशी इंटरनेट आहे, तोच रांगेत पुढे राहणार, हेही तितकेच खरे. सामाईक खातेदारांना त्याचा फटका बसेल.

तिसऱ्या वर्षाच्या मोजणीत ३८२ झाडे भरली आणि शेवटचा वीस टक्क्यांचा हप्ता या वेळी योग्य खात्यात जमा झाला. योजना इथे संपते. झाडांना तिसऱ्या पावसाळ्यात फुले आली होती, पण झाडाचा सांगाडा आधी भरावा म्हणून लागलेली फळे आम्ही लहान असतानाच काढून टाकली. हाती पैसा येईल असे उत्पन्न त्यापुढच्या हंगामापासून धरायचे. अनुदान थांबल्यानंतरचा आणि फळ सुरू होण्याआधीचा हा मधला काळ कोणत्याच शासन निर्णयात नाही. आम्ही तो पाच मीटरच्या पट्ट्यांत मटकी आणि हुलगा घेऊन काढतो आहोत. दोन्ही कडधान्ये कमी पाण्यावर येतात, बुंध्याशी अन्नासाठी भांडत नाहीत, आणि गेल्या खेपेच्या मटकीतून निदान खुरपणीची मजुरी आणि ठिबकच्या नळ्यांची दुरुस्ती भागली.